अंगणातील अग्निशिखा

झाडाला पाणी घालणे हे बागकामातील पहिले कर्तव्य होय, अशी सर्वसामान्य समजूत आहे. झाड कोमेजले की पाणी घालावे, ऊन वाढले की दोन वेळा घालावे, आणि इतके करूनही झाड जगले नाही तर दैवाला बोल लावावा, ही घरगुती बागेची रूढ पद्धत. परंतु पाणीच मिळेनासे झाले म्हणजे या पद्धतीचा नव्याने विचार करणे भाग पडते. 2023 साली कर्नाटकात पावसाने ओढ दिली आणि पुढल्या उन्हाळ्यात बंगळुरूतील असंख्य कूपनलिका कोरड्या पडल्या. मार्च 2024 मध्ये तेथील पाणीपुरवठा मंडळाने पिण्याचे पाणी बागेला घालण्यास आणि मोटारी धुण्यास मनाई केली व मनाई मोडणारास 5000 रुपये दंड ठरविला. उद्यानांचे नगर म्हणून ज्याची कीर्ती, त्याच नगरात बागेला पाणी घालणे दंडनीय ठरावे, ही गोष्ट विचार करायला लावणारी आहे.

या नगराच्या वायव्येस मल्लेश्वरम नावाची जुनी वस्ती आहे. तिचे नाव ज्या देवळावरून पडले, त्या देवाला तेथील लोक ‘काडु मल्लेश्वर’ म्हणतात. कन्नड भाषेत ‘काडु’ म्हणजे रान. रानातला मल्लिकार्जुन तो काडु मल्लेश्वर. महाराष्ट्राशीही या देवस्थानाचा जुना ऋणानुबंध आहे. शहाजीराजांचे पुत्र आणि शिवछत्रपतींचे सावत्र बंधू व्यंकोजी ऊर्फ एकोजी यांनी या देवाला एक गाव दान दिल्याचा 1669 सालचा शिलालेख तेथे आहे. त्या काळी देवळाभोवती खरोखरच रान होते. 1898 च्या प्लेगनंतर गजबजलेल्या पेठा सोडून लोक मोकळ्या हवेत राहावयास आले, तेव्हा ही वस्ती भराभर वाढली. घरापुढे अंगण, मागे परसू, आणि दोन्हीकडे फुलझाडे, अशी तिची ठेवण होती. तेथील एक रस्ता संपिगेच्या, म्हणजे सोनचाफ्याच्या नावाने, तर दुसरा कडुनिंबाच्या नावाने आजही ओळखला जातो.

वस्ती वाढली तसे पाणी दुरून दुरून आणावे लागले. मल्लेश्वरमला लागून असलेला सँकी तलाव 1882 साली बांधला गेला. पुढे हेसरघट्ट्याचे पाणी आले, 1933 मध्ये तिप्पगोंडनहळ्ळीचे आले, आणि 1974 पासून कावेरीचे येऊ लागले. कावेरीचे हे पाणी सुमारे 100 किलोमीटर अंतरावरून, अर्धा किलोमीटर उंची चढवून आणावे लागते. इतक्या सायासाने आणलेले पाणी परदेशी हिरवळीवर ओतावे काय, हा प्रश्न साहजिकच उभा राहतो. त्याचे उत्तर बाग मोडून टाकणे हे नव्हे. या मातीत आणि याच पावसावर जी फुले पूर्वीपासून फुलत आली, त्यांना पुन्हा अंगणात स्थान देणे, हे त्याचे उत्तर होय. अशा फुलांत अग्निशिखेचा मान मोठा आहे.

अग्निशिखा हे तिचे संस्कृत नाव. कन्नडमध्येही ती अग्निशिखे म्हणूनच ओळखली जाते. मराठी मुलखात तिला कळलावी, खड्यानाग, वाघचबका अशी नावे आहेत. लिनीअस या स्वीडिश शास्त्रज्ञाने 1753 मध्ये तिला ग्लोरिओसा सुपर्बा हे नाव दिले. ‘ग्लोरिओसा’ म्हणजे वैभवशाली आणि ‘सुपर्बा’ म्हणजे दिमाखदार. शास्त्रीय नामकरणात एरवी इतकी मुक्त स्तुती क्वचितच आढळते. तामिळनाडूने तिला आपले राज्यपुष्प मानले आहे आणि आफ्रिकेतील झिंबाब्वे या देशाचे ती राष्ट्रीय फूल आहे. तमिळ भाषेत तिचे जुने नाव कांदळ. कपिलर या प्राचीन कवीच्या ‘कुरिंजिप्पाट्टु’ या काव्यात फुलांची एक लांबलचक नामावली आहे. त्या नामावलीचा आरंभ कांदळापासूनच होतो.

पावसाळ्यात कोकणातल्या कुंपणांवरून किंवा दख्खनच्या माळरानातील झुडपांवरून ही वेल पाहिलेल्या मनुष्याला तिची ओळख पुन्हा करून देण्याची गरज नाही. पान लांबट असून त्याचे टोक निमुळते होत जाते आणि शेवटी तणाव्यासारखे गुंडाळते. निराळा ताणा न काढता पानाच्या टोकानेच आधार धरून ही वेल वर चढते. फुलाला सहा पाकळ्या. त्या खाली न पसरता मागे वळून वर उभ्या राहतात, आणि त्यांच्या कडा ज्वाळेसारख्या नागमोडी असतात. फूल उमलते तेव्हा हिरवट पिवळे असते. मग पाकळ्या टोकांकडून तांबूस होऊ लागतात, आणि काही दिवसांत सारे फूल लालभडक होते. एकाच वेलीवर पिवळी, केशरी आणि लाल फुले एकदम दिसतात, याचे कारण हेच की त्या फुलांची वये निरनिराळी असतात.

हे सौंदर्य वर्षातून चार-पाच महिनेच दृष्टीस पडते. मार्गशीर्ष-पौषात वेल सुकून जाते, आणि वैशाखापर्यंत त्या जागी काहीच नसते. अजाण मनुष्याला वाटावे की झाड मेले. वस्तुतः ते जमिनीखाली कंदाच्या रूपाने निजलेले असते. हा कंद काटकोनात दुमडलेल्या दोन बोटांसारखा दिसतो. संस्कृतात नांगराला ‘लांगल’ म्हणतात. कंदाचा आकार नांगरासारखा, म्हणून वैद्यकग्रंथांत या वनस्पतीला ‘लांगली’ हे नाव मिळाले. मराठीतला ‘नांगर’ हा शब्दही त्याच ‘लांगला’पासून आलेला आहे. कंदाच्या प्रत्येक फाट्याच्या टोकाशी एक डोळा असतो. पावसाची चाहूल लागली की त्या डोळ्यातून कोंब निघतो, जुन्या कंदातील अन्नावर वाढतो, आणि पाने पसरली की नव्या कंदाची उभारणी सुरू होते. हंगामाच्या शेवटी जुना कंद आक्रसून जातो आणि त्याच्या जागी नवा तयार झालेला असतो. म्हणजे ही वेल दरसाल स्वतःला नव्याने घडविते. तिला दुष्काळ सोसण्याची जी शक्ती आहे, ती या निद्रेत आहे. जो काळ कोरडा, त्या काळात ती पाणी मागतच नाही.

ही गोष्ट ध्यानी घेतली म्हणजे तिच्या लागवडीचे सारे नियम आपोआप समजतात. बंगळुरूचे हवामान तिला विशेष मानवते. समुद्रसपाटीपासून सुमारे 920 मीटर उंची, वर्षाला साधारण 970 मिलिमीटर पाऊस, आणि तोही वैशाखातील वळिवापासून कार्तिकापर्यंत विखुरलेला. डिसेंबर ते मार्च हे महिने जवळजवळ कोरडे. वेलीचे जागणे आणि निजणे या पर्जन्यचक्राशी नेमके जुळते. एप्रिलच्या अखेरीस किंवा मे महिन्यात कंदाचा डोळा फुगू लागला की लागवड करावी. जमीन पाण्याचा निचरा होणारी हवी. अंगण नसेल तर एक ते सव्वा फूट खोलीची रुंद कुंडी चालते. दोन भाग तांबडी माती, एक भाग जाड वाळू आणि एक भाग कुजलेला पाला, हे मिश्रण पुरेसे होते. कंद उभा न खुपसता आडवा ठेवावा, आणि त्यावर दोन-तीन इंच माती घालावी. डोळ्याला धक्का लागू देऊ नये. त्या फाट्याला तेवढा एकच डोळा असतो, आणि तो मोडला तर बहुधा त्या वर्षापुरता तो फाटा वाया जातो.

कोंब वर यावयास दोन ते चार आठवडे लागतात. या अवधीत उतावीळ मनुष्य रोज पाणी घालतो आणि कंद कुजवितो. माती नुसती ओलसर असली की पुरे. कोंब हातभर झाला की आधार द्यावा. येथे एक बारीक गोष्ट विसरू नये. पानाचे टोक नाजूक असते, ते जाड बांबूला वेटोळे घालू शकत नाही. म्हणून काटक्या, तुरीच्या वाळलेल्या फांद्या किंवा बारीक तार यांचा मांडव करावा. रानात ती झुडपांतून वाढते. वर ऊन आणि मुळाशी सावली ही तिची आवड आहे, ती बागेतही सांभाळावी. पावसाने आठ-दहा दिवस दडी मारली तरच वरून पाणी द्यावे. तांदूळ किंवा भाजी धुतलेले पाणीसुद्धा एवढ्यासाठी पुरते.

या काळात काळ्या अंगावर पांढरे नि तांबडे ठिपके असलेल्या सुरवंटांची टोळी कधीकधी पानांवर पडते. हे सुरवंट ज्या पतंगाचे, त्याचे शास्त्रीय नावच या वेलीवरून पडले आहे. वेलीचे विष त्यांना बाधत नाही. ते वेचून काढले म्हणजे काम भागते, फवारणीची आवश्यकता नसते.

फुले श्रावण-भाद्रपदात येतात. मल्लेश्वरमच्या आठव्या क्रॉसवरील बाजार याच दिवसांत फुलांनी भरून जातो. कन्नड घरांत गौरी तृतीयेला येते आणि दुसऱ्या दिवशी गणपती येतो. मराठी घरांत गणपती आधी येतो आणि ज्येष्ठा गौर मागाहून. क्रम निराळा असला तरी दोन्हीकडे पत्री आणि फुले रानाचीच असावीत हा संकेत एकच आहे. कोकणात काही ठिकाणी गौरीच्या पूजेत तेरड्याच्या जोडीला कळलावीच्या फुलाला मान असतो. ज्या आठवड्यांत पूजा, त्याच आठवड्यांत बहर, हा निव्वळ योगायोग नव्हे. आसपासच्या रानात त्या ऋतूत जे फुलले, तेच देवाला वाहावयाचे, अशी ही परंपरा आहे.

बहर ओसरल्यावरचा काळ खरे म्हणजे सर्वांत महत्त्वाचा. पाने पिवळी पडू लागतात, वेल ओंगळ दिसते, आणि ती कापून टाकण्याचा मोह होतो. हा मोह आवरावा. पानांतले उरलेसुरले अन्न त्याच दिवसांत नव्या कंदात उतरत असते. वेल आपण होऊन वाळली की मगच ती काढावी, आणि त्यानंतर पाणी अजिबात बंद करावे. कुंडी वळचणीला आडवी करून ठेवली तरी चालेल. थंडी आणि उन्हाळ्याच्या त्या चार-पाच महिन्यांत, म्हणजे नगरात पाण्याची खरी टंचाई असते त्या काळात, या झाडाला पेलाभर पाणीदेखील लागत नाही. उलट दयाबुद्धीने घातलेले पाणी त्याचा घात करते. दोन-तीन वर्षांनी एकदा कंद उकरून दोन फाटे सांध्याशी अलग करावेत, राख लावून सुकवावेत आणि कोरड्या वाळूत ठेवावेत. प्रत्येक फाट्याला डोळा असल्याची खात्री झाली की एकाची दोन झाडे होतात.

कंदापासून होणारी वाढ याप्रमाणे मंद असते. या मंदपणातूनच एक गंभीर प्रश्न निर्माण झाला आहे, आणि तो समजण्यासाठी या वनस्पतीचा दुसरा गुण पाहिला पाहिजे. अग्निशिखा विषारी आहे. तिचा कंद, बी, पान, सर्वांतच कोल्चिसिन नावाचे द्रव्य असते. आयुर्वेदाने लांगलीची गणना उपविषांत केली आहे. प्रसूतीच्या कळा याव्यात म्हणून तिचा कंद वाटून बाहेरून लावण्याचा प्रघात होता, आणि ‘कळलावी’ हे नाव त्यावरूनच आले. श्रीलंकेत हा कंद खाण्याचा कंद समजून खाल्ल्याने माणसे दगावल्याच्या घटना वैद्यकीय लेखनात नमूद आहेत. हेच कोल्चिसिन योग्य मात्रेत डॉक्टरांच्या हाती औषध ठरते. वातरक्ताच्या, म्हणजे सांध्यांच्या असह्य ठणक्याच्या विकारात ते दिले जाते. 1820 मध्ये फ्रान्समध्ये ते प्रथम एका युरोपीय कंदवनस्पतीतून वेगळे काढण्यात आले. 1937 मध्ये या द्रव्याने वनस्पतींच्या पेशीतील गुणसूत्रांची संख्या दुप्पट करता येते असे अमेरिकेत दिसून आले, आणि पीकसुधारणेला एक नवे साधन मिळाले. जपानमध्ये किहारा या शास्त्रज्ञाने बिनबियांचे कलिंगड निर्माण केले, ते याच साधनाच्या बळावर.

या औषधी मागणीमुळे तामिळनाडूत मूलनूर, धारापुरम, ओट्टनछत्रम या कोरडवाहू भागांत अग्निशिखेची शेती होते. तेथील शेतकरी सकाळच्या वेळी एकेका फुलाचे परागण हाताने करतात आणि बी विकतात. शेती झाली ही चांगलीच गोष्ट. परंतु शेतीला लागणारे कंद पुरेशा वेगाने वाढत नाहीत, म्हणून ते रानातून खणून आणण्याची प्रथा पडली. खणणारा मोठे, फुलावर येण्याजोगे कंद निवडतो. ज्या वेलींनी पुढील पिढीचे बी धरावयाचे, त्याच अशा नाहीशा होतात. तिकडे गावोगावची झाडाझुडपांची कुंपणे जाऊन त्यांच्या जागी विटा-सिमेंटच्या भिंती आल्या. जगाच्या पाठीवर ही वनस्पती दुर्मीळ नाही. आफ्रिकेपासून आग्नेय आशियापर्यंत तिचा प्रसार आहे. परंतु एखाद्या विशिष्ट गावाच्या वेशीवरून ती नाहीशी झाली, की त्या गावापुरती ती कायमची गेली, आणि तिच्याबरोबर त्या मातीला व त्या पावसाला सरावलेला तिचा वंशही गेला.

म्हणून ज्याला अंगणात अग्निशिखा लावावयाची असेल, त्याने रानातला कंद विकत घेऊ नये. बागेत वाढविलेल्या वेलीचा कंद घ्यावा, आणि शक्य तर बियांपासून आरंभ करावा. शेंगा वाळून तीन भागांत उकलल्या की आतून केशरी तांबड्या रंगाचे गोल बी दिसते. ते लगेच पेरून उपयोग नाही, त्यालाही विश्रांती लागते. पुढल्या मे महिन्यापर्यंत ते कोरडे ठेवावे, पेरण्यापूर्वी रात्रभर कोमट पाण्यात भिजवावे, आणि वाळूमिश्रित मातीत अर्धा इंच खोल पेरावे. सगळे बी एकदम रुजत नाही. काही महिन्याभरात, तर काही चार महिन्यांनीही वर येते. तेव्हा कुंडी लवकर रिकामी करू नये. पहिल्या वर्षी गवतासारखे एखादे पान आणि वाटाण्याएवढा कंद, इतकीच प्रगती होते. दुसऱ्या वर्षी कंद वाढतो. फूल येते ते तिसऱ्या किंवा चौथ्या पावसाळ्यात. चार वर्षे हा कालावधी मोठा वाटतो खरा. पण अंगणात नारळ लावणाऱ्याने कधी त्याची घाई केलेली नाही.

बी धरण्याच्या बाबतीतही एक लक्षणीय व्यवस्था आहे. फुलातील स्त्रीकेसराचा दांडा मुळाशीच काटकोनात वळून फुलाबाहेर झुकतो, त्यामुळे त्याच फुलाचे पराग त्याच्या टोकावर सहसा पडत नाहीत. फुलपाखरे आणि शिंजीर पक्षी पराग पोचवितात. जमिनीवरच्या बागेत ही मंडळी येतात. चौथ्या मजल्यावरील सज्जात ती न आली, तर मऊ कुंचल्याने सकाळी हे काम करता येते. त्यासाठी निरनिराळ्या बियांपासून झालेल्या दोन वेली असल्या म्हणजे अधिक चांगले.

घरात लहान मुले किंवा गुरेवासरे असतील, तर सावधगिरी अवश्य पाळावी. कंद हाताळताना हातमोजे घालावेत, नंतर हात धुवावेत, कुंडीवर झाडाचे नाव लिहावे, आणि साठविलेले कंद व बी स्वयंपाकघरापासून दूर, कुलपात ठेवावे. एवढी खबरदारी घेणे ज्याला शक्य नाही, त्याने ही वेल लावू नये. कण्हेर आणि धोतरा शतकानुशतके आपल्या परसात आहेत, ते घरच्या वडीलधाऱ्यांनी मुलांना झाडांची ओळख करून दिली म्हणूनच. ही ओळख करून देण्याची रीत अलीकडे मागे पडली आहे. अग्निशिखेच्या निमित्ताने ती पुन्हा सुरू झाली, तर तोही एक लाभच मानावा.

मल्लेश्वरमच्या देवाच्या नावातील ‘काडु’ आता नावापुरताच उरला आहे. तेथे रान पुन्हा उभे राहील अशी अपेक्षा करणे व्यवहाराला धरून होणार नाही. परंतु रानाची एक सवय तेथील अंगणात नि सज्जात आणता येईल. पाऊस असेल तेव्हा फुलावे, नसेल तेव्हा निजून राहावे, ही ती सवय. पाणी मोजून वापरण्याची पाळी आज बंगळुरूवर आली, ती सोलापूर-लातूरकडील मराठी मुलुखाला नवी नाही, आणि उद्या ती आणखी कित्येक नगरांवर येईल. अशा वेळी प्रत्येक घराने आपल्या मातीतील एखादे तरी फूल बियांपासून वाढविले, उन्हाळाभर त्याची रिकामी दिसणारी कुंडी विश्वासाने जपली, आणि शेजाऱ्याला मूठभर बी दिले, तर रानातील कंदावर पडणारी कुदळ काही अंशी तरी थांबेल.